लटारूची हाळी

करंजहेटीहून पोंभुर्ण्याकडे बंडीवाटेनं, म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं गेलात, तर नाल्याच्या अलीकडे सागाचं एक बन लागतं. सरळसोट झाडं, एकालाही आगीचा डाग नाही. लोक त्याला लटारूचा साग म्हणतात. म्हणतात खरं, पण कसं म्हणतात ते ऐकायला हवं. परगावचा माणूस कौतुकानं म्हणेल. गावातला माणूस नाव घेतो आणि बाजूला थुंकतो. बाया तर त्या सावलीला बसतच नाहीत. डोक्यावर मोळी असो, पाय पोळत असोत, बन ओलांडून पुढं उन्हात जाऊन टेकतील. आता एवढं काय केलं होतं त्या लटारूनं? चोरी? नाव काढू नका. लाच? सरकारच्या जंगलातली काडी त्यानं कधी घरी नेली नाही. त्यानं जंगल राखलं, दुसरं काही केलं नाही. कसं राखलं, तेवढंच सांगायचं आहे.

लटारू शेतकऱ्याच्या घरचा. गावाखाली बोडी, म्हणजे छोटं तळं, बोडीखाली धानाच्या चार बांध्या, घरात बायको गुणाबाई आणि एकुलती एक पोरगी वच्छला. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाणार असं कानावर आलं तेव्हा इथल्या मालगुजारानं काय करावं? जंगल सरकारच्या घशात जायच्या आधी आपण गिळलेलं बरं, म्हणून डोंगरावर कुऱ्हाडी सोडल्या. होळीपासून पावसाळ्यापर्यंत नुसता खणखणाट. साग गेला, बिजा गेला, ऐन गेला, खालचा मोह तेवढा लोकांच्या शिव्यांना भिऊन राहिला. डोंगर बोडका झाला आणि पुढच्याच पावसात डोंगरावरची माती उतरून बोडीत बसली. बोडी भरली ती गाळानं. दसऱ्याला धान पोटरीत आला आणि पाणी नाही. लटारूनं बांधीत उभं राहून धान वाळताना पाहिला. रडला नाही. तो रडणाऱ्यांतला नव्हता, दात खाणाऱ्यांतला होता.

मग सरकारी जंगलखातं आलं. बोडक्या डोंगरावर सागाची जडी, म्हणजे मुळासकटची रोपं, लावायला माणसं हवी होती. लटारू पहिल्या दिवशीच पहार घेऊन हजर. इतर लोक मजुरीसाठी खड्डे खणत होते, हा माणूस सूड घेतल्यासारखा खणत होता. उन्हाळ्यात जडी जगावी म्हणून यानं कावडीनं पाणी घातलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. जंगलनाक्यावरच्या नाकेदारानं ते पाहिलं आणि पुढच्या उन्हाळ्यापासून त्याला आगीचा राखणदार नेमलं. काम असं, की रोपवनाच्या कडेनं जाळरेषा साफ ठेवायची, म्हणजे बंडी जाईल एवढा पट्टा गवत-पाला काढून उघडा करायचा. मचाणावर बसून धूर बघायचा. आणि बाहेरून वणवा आलाच, तर जाळरेषेवरून त्याच्या तोंडावर उलट आग सोडायची. दोन्ही आगी मध्ये भेटतात, जाळायला काही उरत नाही, विझतात. साधी गोष्ट आहे. फक्त उलट आग सोडण्याआधी हाळी घालायची. मधल्या जंगलात कुणी असेल तर त्याला बाहेर यायला सांगायचं, कान द्यायचा, ओ आली नाही तर पुन्हा घालायची. ही हाळी घालायचा मान राखणदाराचा.

आवाज म्हणाल तर लटारूचा. अरे बापा! नाल्यापलीकडून ओरडला तर गावात कुत्री उठायची.

तर माणूस कामाचा होता. पण त्याच्या डोक्यात जंगल शिरलं ते माणसांना बाहेर काढूनच शिरलं. चैत्रात मोह गळतो. आपल्याकडे घराघराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, आजीपणजीपासून. पहाटे फूल गळतं, बाया उजाडायला झाडाखाली. खाली पानांचा थर, त्यात पिवळं फूल दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी झाली की फूल कसं उठून दिसतं. आग तेवढ्यातच विझते. विझते, म्हणजे बहुतेक वेळा. एखाद्या वेळी वारा घेऊन निघते, आणि मग डोंगर जळतो. लटारूचं म्हणणं खोटं नव्हतं. ‘पाला झाडा, जाळू नका,’ एवढंच तो म्हणायचा. पण झाडायला वेळ लागतो, पाला रोज पडतो, आणि बाईला मोहावरून घरी जाऊन आंबील शिजवायची असते, हे त्याला कोण सांगणार?

पुढं पुढं तो सांगायचाही नाही, थेट पकडायचा. काळी जमीन दिसली की टोपली उलटी करायची आणि मोहावर पाय देऊन तुडवायचं. खायची वस्तू हो! लोक पायाखाली सांडलं तर उचलून कपाळाला लावतात. हा टाचेनं रगडायचा. मग बाईला नाक्यावर न्यायचं, दिवसभर उन्हात बसवायचं. बाई म्हणायची, ‘म्या नाई लावली, लटारूभाऊ, आधीच जळली होती.’ हा म्हणायचा, ‘सर्व्या असंच म्हणतात.’ ऐकून घ्यायचं, मग ठरवायचं, ही रीत त्याच्याकडे नव्हती. त्यानं स्वतःच्या भावजयीला असं बसवलं. सख्ख्या भावानं बोलणं टाकलं. लटारूला काही वाटलं नाही. उलट ताठच झाला.

बाया काय करणार? त्यांनी एक उपाय काढला. लटारूचा आवाज आला की हातातलं टाकायचं, झुडपात नाही तर नाल्यात आडवं पडायचं, आणि श्वास धरायचा. आवाज दूर गेला की उठायचं. इतकं अंगवळणी पडलं, की पोट्टे गावात तोच खेळ खेळायचे. एकजण लटारू व्हायचा, ‘कोण हाय होऽऽ’ म्हणायचा, बाकीचे धुळीत पालथे. हसला तो गेला. गुणाबाई दारातून हे बघायची आणि आत जायची.

गुणाबाईची तर मधल्यामध्ये गोची. विहिरीवर गेली की बाया तिच्यासमोरून घागरी उचलायच्या. ‘चाला वो बाई, राखणदारीन आली, आता पाणीबी तुडवन.’ ती बिचारी घागर भरून निघायची. घर तीच चालवत होती. लटारू शिवरात्रीपासून पाऊस पडेपर्यंत मचाणावरच असायचा. धानाचं कणगं चैत्रात तळाला जायचं. मोह नसेल तर खायचं काय? दुकानात मोह दिला की मीठ मिळायचं, गूळ मिळायचा. सगळ्या गावाप्रमाणेच तिनंही एका वर्षी आपल्या झाडाखालचा पाला पेटवला. नाल्याकाठचं झाड, रोपवनापासून हाकेच्या अंतरावर.

आणि लटारूनं पकडलं.

दुसरा एखादा असता तर इकडेतिकडे बघून म्हणाला असता, जा घरी, पुन्हा करू नको. हा तिला मनगटाला धरून गावाच्या मधून घेऊन गेला. लोक ओसरीवर उभे. भावजय दारात. लटारू ओरडून सांगत होता, ‘पाहा! मी घरच्यालेही सोडत नाई!’ संध्याकाळपर्यंत गुणाबाई नाक्यावर उन्हात. सुटली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘आजपासून जंगलात पाय नाई टाकायचा. पुन्हा दिसली, तं तुले घराबाहेर काढीन. पोट्टीलेही संगं घेऊन जाजो.’

हे काही रागाचं बोलणं नव्हतं. लटारू बोलायचा ते करायचा, हे गुणाबाईला गावापेक्षा जास्त माहीत होतं. ती रात्री जेवली नाही, एवढंच. वच्छला तेव्हा परकरातच होती. ती आईच्या पायाला तेल लावत बसली.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गुणाबाईनं खरंच जंगलात पाय टाकला नाही. लोकांच्या बांधीवर राबली, सिंदीच्या चटया विणल्या, भागवलं. मग वच्छलाचं लग्न ठरलं. मुलगा पोंभुर्ण्याकडचा, धट्टाकट्टा, सोयरे मानानं बोलणारे. आखाजीनंतरचा मुहूर्त. ही बातमी घेऊन गुणाबाई मचाणाखाली गेली, तर लटारू वरूनच म्हणाला, ‘आगीचे दिस हायत. तूच पाह्य सर्वं.’ पाह्य म्हणजे काय पाहू? वऱ्हाडाला जेवायला काय घालू, पोरीच्या अंगावर काय घालू? हे तिनं विचारलं नाही. घरी आली आणि तुराट्यांचा एक मोठा खराटा बांधायला घेतला.

वच्छलानं विचारलं, ‘एवढा मोठा कायले वो आई?’

‘मोह वेचाले. पाला झाडून वेचू. आग नाई लावाची.’

‘बाबा?’

‘तेच तं म्हणते ना, झाडा. आपण झाडू. दिसलो, तं खराटा दाखवू.’ असं म्हणाली खरी, पण खराट्याची दोरी आवळता आवळता तिचा हात थांबला होता. वच्छलाला ते दिसलं.

त्या साली जंगलाची दशा वाईट होती. आदल्या वर्षी नाल्याकाठच्या बांबूला फूल आलं होतं. बांबूला फूल आलं की तो मरतो, बेटंच्या बेटं उभी वाळतात. चैत्रात त्याला नुसतं बोट लावलं तरी कडकड वाजायचं. लटारू म्हणायचा, यंदा ठिणगी पडली तर संपलं. रोपवनातला साग आता माणसापेक्षा उंच झाला होता. आणखी काही उन्हाळे निघाले की खालून पळणाऱ्या आगीला तो भीत नाही. हे उन्हाळे काढायचे, बस्स. त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. पोरीचं लग्नसुद्धा त्याला आगीच्या दिवसांच्या पलीकडचं काहीतरी वाटत होतं.

लटारूचा जोडीदार डोमा. गोंडाचा, कमी बोलणारा, पण बोलला तर सरळ. सकाळचं ऊन वर आलं तेव्हा डोमानंच धूर पाहिला. डोंगराच्या आडून, बंडीवाटेकडून. पांढरा नाही, काळपट, म्हणजे बांबू धरला होता. वारा रोपवनाकडे.

दोघं धावत जाळरेषेवर आले. धूर आता डोंगरावरून खाली लोळत होता आणि आत बांबूच्या गाठी फुटत होत्या, फटाफट. थांबायला वेळ नव्हता. लटारूनं टेंभा पेटवला आणि जाळरेषेच्या टोकावर उभा राहिला. समोर नाला, नाल्यात वाळका बांबू, पलीकडे मोहाची झाडं. त्यांत आपलंही झाड आहे हे त्याच्या मनात आलं. पण गुणा घरी आहे, याची त्याला खात्री होती. त्यानं सांगितलं होतं ना.

‘कोण हाय होऽऽ! आग सोडून राह्यलो होऽऽ! भाईर या!’

आवाज नाल्यावर आपटून परत आला. ओ नाही.

पुन्हा घातली. ओ नाही. बांबू फुटण्याचा आवाज जवळ आला.

डोमानं लटारूच्या दंडाला धरलं. ‘लटारूभाऊ, मी हाक मारतो.’

‘काऊन? माह्या गळ्याले काय झालं?’

‘मोहाचे दिस हायत. बाया असतीन. तुमचा आवाज आयकला का लपतात त्या. गावातल्या पोट्ट्यायलेही ठावं हाय. मले मारू द्या हाक. माह्यासाठी निघतीन.’

बघा, इथं गोष्ट थांबवता आली असती. एक हाक. डोमाचा आवाज काही लहान नव्हता. पण लटारूला ते लागलं. ज्या जंगलासाठी भाऊ तोडला, बायको नाक्यावर बसवली, त्या जंगलात आपला आवाज ऐकून माणसं बाहेर येत नाहीत, आत शिरतात, हे त्याला तोंडावर सांगितलेलं सहन झालं नाही. खरं होतं म्हणूनच झालं नाही.

‘इथची हाळी माही हाय,’ तो म्हणाला. ‘ज्याले निंघाचं नसन तो चोर हाय. सरक बाजूले.’

आणि त्यानं टेंभा गवताला लावला.

उलट आग चांगली निघाली. वाऱ्याच्या तोंडावर आधी रांगत गेली, मग मोठ्या आगीनं तिला आत ओढलं. नाल्यात दोन्ही भेटल्या तेव्हा ज्वाळा मोहाच्या शेंड्याएवढी चढली, बांबूची राख वर उडाली. त्या आवाजात दुसरं काही ऐकू आलं असतं तरी कळलं नसतं. डोमाला मात्र काहीतरी ऐकू आलं. तो एकदा पुढं धावला, भुवया जळून परत आला. लटारू त्याला म्हणाला, ‘रानडुकर असन.’ जाळरेषेच्या आतल्या बाजूला एकही पान करपलं नाही. सगळा साग हिरवा उभा.

उतरत्या उन्हात जमीन पाय ठेवण्याजोगी झाली तेव्हा डोमा नाल्यात उतरला. लटारू मागं. नाल्याच्या वळणावर, वाळूत उकरलेल्या झिऱ्याशी, गुणाबाई पालथी पडली होती. ती गुणाबाई आहे हे गोटावरून ओळखलं, हातातल्या चांदीच्या गोटावरून. बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं. तिच्या खाली, चिखलात दाबलेली, वच्छला. जिवंत. झिऱ्याच्या ओलीत चेहरा खुपसलेला, म्हणून श्वास राहिला होता. पाठ आणि पाय आईखालून जेवढे उघडे राहिले, तेवढे जळले होते.

डोमानं पोरीला उचललं. ती कण्हत होती, डोळे उघडे होते. लटारू बायकोच्या बाजूला उभा राहिला, खाली बसला नाही. आणि त्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा?

‘आग कोणी लावली?’ त्यानं पोरीला विचारलं.

डोमा गोंड माणूस, शिवी देणारा नव्हता. त्यानं त्या दिवशी दिली.

पोरीला बंडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात पाठवली, डोमा संगं गेला. गुणाबाईला गावानं जाळलं. आता सरणावर काय जाळायचं उरलं होतं, पण रीत केली. भाऊ आला, भावजय आली. गुणाबाईसाठी रडायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भावजयीनंच रडून घेतलं. लटारूशी कुणी बोललं नाही. तो मान ताठ ठेवून उभा होता, कारण वाकली असती तर पुन्हा वर आली नसती.

दुसऱ्या दिवशी रेंजर साहेब आले. आता खरं काय घडलं होतं ते ऐका. बंडीवाटेवर लाकूड ठेकेदाराचे पाहुणे उतरले होते, नाकेदाराचेच ओळखीचे. कोंबडी शिजवली, चूल तशीच सोडून गेले. चुलीचे दगड, कोंबडीची पिसं, सगळं तिथं पडलं होतं. डोमानं बंडी घेऊन जाताना ते पाहिलं होतं आणि वाटेत नाक्यावर थांबून नाकेदाराला सांगितलं होतं. नाकेदारानं दगड उचलून फेकायला लावले. रेंजर साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, ‘साहेब, दरसालचंच. मोहासाठी बाया आग लावतात.’

साहेबांनी लटारूकडे पाहिलं. बिचारे संकोचले होते. ‘तुमच्या घरच्याच होत्या ना त्या?’

‘होय साहेब.’

‘त्यांनीच लावली असं तुम्हाला वाटतं?’

लटारू खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. ‘होय साहेब. तिनंच लावली,’ तो म्हणाला. ‘पह्यलेही लावली होती.’

साहेबांचे डोळे भरून आले. असा माणूस आपण पाहिला नाही म्हणाले. सगळ्यांसमोर लटारूच्या पाठीवर हात ठेवला, आपल्या अंगावरचा खाकी कोट काढून त्याला दिला. गाव बघत होतं. वारा वरच्या सागात सळसळत होता. लटारूनं कोट घेतला.

पोंभुर्ण्याचे सोयरे येऊन गेले. घराला नाव लागलं होतं, नवरीची आई सरकारच्या जंगलाला आग लावणारी, आणि नवरी भाजलेली. म्हातारा सोयरा पाणीही न पिता उठला. त्याचं तरी काय चुकलं? नवरीच्या बापानंच चारचौघांत सांगितलं होतं ना.

आगीचे दिवस संपत आले तेव्हा लटारू चांद्याला गेला. खाकी कोट घालून गेला होता. दवाखान्यात वच्छला पालथी झोपली होती. पाठीवर सुती कापड टाकलं होतं, ते रोज भिजवून काढायचे आणि पोरगी उशी चावायची. बाप बाजूला बसला. पोरीशी तो आधी तरी कुठं बोलत होता?

वच्छलाच बोलली. मान वळवता येत नव्हती, म्हणून भिंतीकडे बघत बोलली.

‘बाबा, आईनं आग नाई लावली.’

लटारूचा हात कोटाच्या बटणावर गेला.

‘खराटा होता आमच्यापाशी. आईनं बांधला होता. दोन झाडाखालचा पाला झाडला आमी. काडीपेटी घरीच ठेवली होती आईनं, म्हणे, संगं असली का शक येते. माहं खोटं वाटत असन तं घरी जाऊन पाहा. चुलीच्या कोनाड्यात असन.’

‘मंग आग?’

‘डोंगराआडून आली. धूर पाह्यला आमी. निघतच होतो. तेवढ्यात तुमची हाळी आयकू आली. बांबू फुटत होता, शबद नाई कळले, आवाज तेवढा वळखला.’

लटारू कोटाच्या बटणाशी चाळा करत होता. तो थांबला.

‘आयकू आली?’ तो म्हणाला. ‘आयकू आली, तं ओ काऊन नाई देल्ली?’

‘म्या तोंड उघडलं होतं. आईनं हात ठेवला तोंडावर. म्हणे, गप राह्य. धूर पाहून आले हायत, आपल्यालेच धरतीन. मी म्हटलं, आई, खराटा दाखवू ना. आई म्हणे, खराटा नाई पाहाचे ते. तुहं लगन तोंडावर हाय, घराबाहेर काढलं तं कुठी जाऊ. गप पड, जातीन ते पुढं.’ वच्छलाला दम लागला. थांबली. ‘तुमी पुन्हा हाळी घातली. आईनं मले बांबूत ओढलं. मंग दोन्हीकून आग आली.’

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

‘बाबा, एक इचारू?’

‘इचार.’

‘खरं सांगजा. आमी ओ देल्ली असती, भाईर आलो असतो, आईनं खराटा दाखवला असता. तं तुमी मानलं असतं का?’

आता दुसरा कुणीही बाप इथं खोटं बोलला असता. बोलायलाच हवं होतं, त्यात पाप नव्हतं. जळलेल्या पोरीला एक ‘होय’ म्हणायला काय लागतं? लटारूनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं तो क्षण उभा राहिला असेल: डोंगरावर धूर, नाल्यातून निघालेली गुणा, हातात खराटा. आपण काय केलं असतं ते त्याला स्पष्ट दिसलं. आणि या माणसाला, ज्यानं बायकोचा जीव घेतला, पोरीची पाठ घेतली, मेलेल्या बाईवर आळ घेतला, त्याला खोटं मात्र बोलता येत नव्हतं.

‘नाई,’ तो म्हणाला.

वच्छलानं डोळे मिटले.

‘मंग आईचं बरोबरच होतं,’ ती म्हणाली.